भाऊंच्या हातची गाठ

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. कधी झाला, तेही सांगते. माझी माय गेली त्या माघातल्या सोमवारी, सकाळचं ऊन ओसरीवर चढलं तेव्हापासून तर दुपारी मळ्यातल्या मोटा सुटायच्या वेळेपर्यंत. कोणी केला? गावानं केला. गाव वाईट नव्हतं. चांगल्या गावानं, अंगणात माना खाली घालून बसून केला. आमचं गाव देऊळघाटच्या अंगाचं, बुलडाण्याहून फार लांब नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला नाव हवं असेल त्यानं आपल्या गावाचं घालून वाचावं, बाकी मजकुरात काही फरक पडणार नाही.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, कारण सगळं गावच भाऊ म्हणायचं. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरची, वाफ्याच्या कडेला अंबाडी आणि नाल्याच्या अंगाला बांबूचं एक बेट. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळं घर ओसरीवर बसून जुड्या बांधायचं. माय, मी, माझा मोठा भाऊ रामदास. मेथीची मूठ डाव्या हातात धरायची, अंबाडीची ओली साल फिरवायची, गाठीवर अंगठा दाबायचा आणि ओढायचं. चुलीत तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत असायची, त्यांची सालं फुटल्याचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. मग भरीत, भाकर आणि कच्च्या कांद्याची पात. भाऊ पावसाळ्यात शेतात जाता येईना तेव्हा लाकडी ढेरा फिरवत अंबाडीच्या वाखाची सुतळी काढत बसायचे. ढेऱ्याचा आवाज येतो न येतो असा, एखादं जनावर झोपेत श्वास घेतं तसा. ती सुतळी गोल गुंडाळून आढ्याला टांगलेली असायची आणि तिला आम्ही पोरं हात लावत नसू. ती मेलेल्या माणसांची सुतळी होती.

कारण गावात कोणीही मेलं की तिरडी भाऊच बांधायचे. बाकी गावांत हे काम भाऊबंद करतात, चार जाणते लोक मिळून करतात. आमच्या गावातही पूर्वी तसंच होतं. पण भाऊंच्या लग्नाआधी कधीतरी, एका म्हातारीला नेताना नदीच्या उताराला तिरडीची गाठ सुटली आणि म्हातारी रस्त्यावर पडली. खांदेकरी मागं सरले. भाऊ तेव्हा अगदी तरुण, मागून चालत होते. ते पुढं आले, म्हातारीला दोन्ही हातांनी उचलून बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर निजवलं आणि तिथंच, सगळ्यांदेखत, तिरडी सोडून नव्यानं बांधली. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून गावानं धसका घेतला. दुसऱ्या कोणी बांधली आणि सुटली तर? माणसाची शेवटच्या वाटेवर विटंबना झाली तर? भाऊंनी बांधलेली कधी सुटली नाही. मग कोणी बांधायलाच बसेना. एक पिढी विसरली, पुढची शिकलीच नाही.

भाऊंचं एवढंच काम होतं असं नाही. आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. बाकीचे गडी त्या दिवशी पारावर पत्ते खेळायचे. भाऊ त्यांना उठवून न्यायचे. कधी सार्वजनिक विहिरीतला गाळ, कधी शाळेच्या भिंतीला चुन्याचा पोचारा, कधी मसणवाटेवर मुरूम. लोक शिव्या घालत यायचे, पण यायचे. नव्या राज्यात नवी ग्रामपंचायत झाली तेव्हा चार जण भाऊंना सरपंच व्हा म्हणायला आले. भाऊ म्हणाले, खुर्चीवर एकदा बसलं की उठाले जिवावर येते बावा, माह्या कंबरेचं तुमाले मालूम नाई. हसण्यावारी नेलं. बाळंतपण अडलं की गाडी आमची, बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यायला सोबत भाऊ. मी हे कौतुकानं सांगत नाही. एका माणसाच्या जिवावर गावानं किती गोष्टींचा विचार करणं सोडून दिलं होतं, ते सांगते आहे.

मायला या सगळ्याचा पुळका नव्हता. दाराची कडी अवेळी वाजली की ती न विचारता मागच्या अंगणातल्या चुलीवर हंडा चढवायची. मसणातून आल्यावर भाऊंना कढत पाणी लागायचं. ते यायचे, बाहेरच धोतर सोडायचे, आंघोळ करायचे, लिंबाचा पाला चावायचे आणि मग घरात. माय पाणी ओतता ओतता बोलायची, गावात कोनी का मरेना, लाकडं माह्याच घरची जळते. भाऊ म्हणायचे, त्याईचीबी जळलीच ना. त्यावर ती हसायची नाही, पण तांब्या जरा हळू ओतायची. मी आता तिच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि अजून मला तिचं ते हळू ओतणं नीट कळलंय असं वाटत नाही.

मी त्या वर्षी बुलडाण्याला शिकत होते. शिकणं कमी आणि हँडबिलं जास्त. आम्ही काही पोरंपोरी होतो. खेड्यातल्या मुलींसाठी एसटी थांबत नाही, म्हणून पत्रक. वसतिगृहाच्या भाकरीत खडे, म्हणून पत्रक. छापखान्याची शाई नखांतून जात नसे. पत्रकात आडवळण चालत नाही. कोणावर अन्याय झाला, कधी झाला, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं. मला दुसरं लिहिता येत नव्हतं आणि आजही येत नाही, हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

माय आजारी आहे म्हणून निरोप आला तेव्हा मी घरी आले. छातीत कफ धरला होता. बुलडाण्याच्या डॉक्टरनं सुया दिल्या. ती दोन घोट कण्हेरी प्यायची आणि बाजाराच्या दिवशी जुड्या कोण बांधतं विचारायची. सोमवारी पहाट सरता सरता ती गेली. रामदास बाहेर जाऊन रडला. मी रडले नाही. मला काहीच होत नव्हतं. मी कुडाच्या भिंतीवरचं शेण पोपडलेलं बघत होते आणि हे सारवायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. शेजारच्या शेवंतामावशीनं मायचं डोकं मांडीवर घेतलं, तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ कुंकवानं भरलं. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. मी तेही ऐकलं. जसं रेडिओवर बाजारभाव ऐकतात तसं.

ऊन ओसरीवर आलं तोवर अंगण भरलं होतं. सगळे आले होते, हे मी आधीच सांगते. माळी आले, पाटलाचे आले, खालच्या आळीतले आले, देऊळघाटहून माणसं आली. गडी लिंबाच्या झाडाखाली उकिडवे बसले. कोणी तंबाखू चोळली, कोणी कान खाजवला. दोन गडी मळ्यात जाऊन आमच्याच बेटातले दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्यांसाठी एक जाड बांबू तोडून घेऊन आले. आणि ते त्यांनी कुठं ठेवले? भाऊंच्या पायाशी ठेवले. ओसरीच्या पायरीवर भाऊ खांबाला टेकून बसले होते, त्यांच्या पायाशी. एकानं आढ्याची सुतळी काढून आणली आणि ती बांबूवर ठेवली. कोयताही ठेवला, मूठ भाऊंच्या बाजूला करून. मग ते दोघं मागं जाऊन झाडाखाली बसले.

आणि सगळं गाव बसून राहिलं.

मी दारात उभी होते. मला आधी कळलंच नाही की हे कशाची वाट बघताहेत. रामदासला मडकं धरायचं होतं, त्याला आंघोळ घालून ओल्या पंच्यानं एका बाजूला बसवलं होतं; त्यानं हात लावायचा नव्हता. बाकी अंगणात धडधाकट गडी होते, गाडीची चाकं उचलणारे, विहिरी फोडणारे. कोणाचा हात बांबूकडे गेला नाही. भाऊ बांबूकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ऊन पायरीवरून त्यांच्या गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून छातीवर आलं. शेवंतामावशी आतून म्हणाली, काहो, बाईले किती वेळ ठेवता? मग पुंजाजीकाका उठले. पुंजाजीकाका म्हणजे भाऊंचे लहानपणचे सोबती, आमच्या मळ्याला लागून त्यांचा मळा, एका मोटेचं पाणी दोघांनी घेतलेलं. ते भाऊंजवळ येऊन वाकले आणि हळूच म्हणाले,

"भाऊ, ऊन चढून राह्यलं."

"हाव," भाऊ म्हणाले. आणि उठले.

त्यांनी कोयता घेतला, बांबू फोडला, कामट्या काढल्या. कोयत्याचा आवाज समोरच्या घराच्या भिंतीवर आपटून परत येत होता. दोन बांबू समांतर ठेवले, उंचीचा अंदाज घ्यायला नेहमी ते आत जाऊन मयताकडे एकदा बघून येत. या वेळी गेले नाहीत. त्यांना मायची उंची ठाऊक होती. ते कामटी मागायचे, कोणीतरी हातात द्यायचं. सुतळी मागायचे, कोणीतरी सोडून द्यायचं. हे मदत करणं बघून मला जे वाटलं त्याला राग म्हणतात, हे मला फार नंतर समजलं. त्या वेळी फक्त कानात गच्च बोळा बसल्यासारखं झालं होतं. आवाज लांबून येत होते.

डोक्याकडच्या कामटीची गाठ मारताना भाऊंचा हात थांबला. सुतळी फिरवली, वळसा घातला, पण ओढली जाईना. पुन्हा ओढली. बोटं वळतच नव्हती. झाडाखाली पुंजाजीकाका जमिनीकडे बघत होते. सगळेच बघत होते जमिनीकडे. मी दारातून खाली उतरले आणि अंगण ओलांडून गेले. बायांची बाजू सोडून गड्यांच्या बाजूला, तिरडीपाशी. आमच्याकडे बाई तिथं जात नाही. मी खाली बसले आणि गाठीवर अंगठा दाबला, मेथीच्या जुडीवर दाबतात तसा.

"दाब," भाऊ म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी दाबला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं.

"सोड आता."

पुढची गाठ, पुन्हा तसंच. मागं कोणीतरी पुटपुटलं, पोट्टीनं हात लावला तिरडीले. दुसरा म्हणाला, चूप ना बे. एवढंच. सगळ्या गाठी आम्ही दोघांनी मारल्या. मग कडबा पसरला, त्यावर चादर घातली आणि मायला आणून निजवलं. मोटा सुटायची वेळ झाली होती. लांबून कोणाच्यातरी मळ्यातलं चाक कुरकुरत होतं ते थांबलं. गड्यांनी खांदा दिला, खांदा द्यायला मात्र झुंबड होती. मला वेशीपासून परत पाठवलं. मसणातून आल्यावर भाऊंसाठी कोणी हंडा चढवला नव्हता. त्यांनी विहिरीवरचं गार पाणी अंगावर घेतलं. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही म्हणून गावानं भाकरी पाठवल्या. एवढ्या की दुरड्या भरल्या. पिठलं, ठेचा, कढी, प्रत्येक घरून. मी एक घास खाल्ला, त्याला चव नव्हती. उरलेलं म्हशीला घातलं. गावाला आमची कीव नव्हती असं कोणी म्हणू नये. होती. फक्त त्या कीवेला हात नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी लिहायला बसले. मथळा टाकला, गावाला जाहीर सवाल. खाली सगळं लिहिलं, बांबू कोणी आणले, कुठं ठेवले, कोण कोण बसलं होतं. नावानिशी. बुलडाण्याला पाठवून छापायचं आणि बाजारात वाटायचं असं ठरवून मी तो कागद भाऊंपुढं धरला. भाऊंना वाचायला वेळ लागायचा. ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं.

"खरं हाय सगळं," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "पन तुह्या मायचं मरन लोकाईच्या भिंतीले चिकटवू नको, बाई. म्या जित्ता हाव तोवर नको."

मी म्हटलं, मग काय करायचं? असंच सोडायचं? त्यांनी केलं ते बरोबर आहे का?

"त्याईले वाटलं, माह्यासमोर दुसऱ्यानं गाठ मारली त माहा मान जाईन. भेतेत बिचारे. सुटली त काय, हेबी भेव हाय." ते आढ्याकडे बघत म्हणाले, "आन सवय कोनं लावली? म्याच."

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चांगल्या माणसाला सगळ्या गावाच्या आळसाचाही जिम्मा घ्यायची खोड असते, आणि गाव तो जिम्मा त्याला खुशाल घेऊ देतं. पण मी कागद ठेवून दिला.

दहावा व्हायच्या आत वरच्या आळीतला एक म्हातारा गेला. पुंजाजीकाका आणि चार तरुण गडी आमच्या अंगणाबाहेर येऊन उभे राहिले. सुतकातल्या घरात ते पाऊल टाकणार नव्हते. पुंजाजीकाकांनी पागोटं सारखं केलं. म्हणाले, सुतक हाय, समजते भाऊ, पन म्हाताऱ्याले तसाच ठेवता येत नाई. मी भाऊंकडे बघितलं. मला वाटलं, उठतील. ते खरंच अर्धे उठले. मग माझ्याकडे त्यांची नजर गेली, का गेली ते मी कधी विचारलं नाही, आणि ते परत बसले.

"म्या येत नाई," ते म्हणाले.

मयताला यायला त्यांनी जन्मात पहिल्यांदा नकार दिला असेल. बाहेरचे पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. पुंजाजीकाका म्हणाले, मंग बांधीन कोन?

"तुम्ही. बांबू तोडून आना न अथीच बसा अंगनात. सुतकाचं मी पाह्यतो."

ते आत आले. हेच मला अजून नवल वाटतं, की आले. बांबू आणले, कामट्या काढल्या आणि भाऊ पायरीवर बसून सांगत गेले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, घट्ट. एकानं गाठ मारली की म्हणायचे, सोड, पुन्हा मार. एक जण वैतागून म्हणाला, भाऊ, मयत काय उठून पाह्यनार हाय काय गाठ? भाऊ म्हणाले, मयत नाई पाह्यत, त्याची बायको पाह्यते. त्यानं गाठ सोडली आणि पुन्हा मारली. पुंजाजीकाकांची गाठ सारखी घसरत होती; भाऊंच्या वयाचा माणूस, पहिल्यांदा शिकत होता. मी त्यांच्याजवळ बसून अंगठा दाबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी तिरडी झाली, वाकडी पण घट्ट. रिकामी तिरडी गावातून नेत नाहीत, म्हणून तिच्या गाठी तिथंच सोडवल्या आणि बांबू, कामट्या, सुतळी घेऊन ते त्या घरी गेले आणि तिथं पुन्हा बांधली. सुटली नाही.

इथं हे प्रकरण संपवलं असतं तर छान झालं असतं. पण मायची तेरवी झाली, आणि पुढचं मरण आलं तेव्हा गाव पुन्हा आमच्या दारात आलं. भाऊ गेले. ते पाचही जण, शिकलेले, तिथं उभे होते आणि त्यांनी पुन्हा कामट्या हातात देण्याचंच काम केलं. वर्षानुवर्षं तसंच. भाऊ फार जगले. कंबर वाकली, डोळ्यांत मोतीबिंदू आले, तरी चाचपून गाठ मारायचे. अमावस्येला कोणी येईनासं झालं तेव्हा एकटे फावडं घेऊन मसणवाटेवर जायचे. नातवंडं झाली, पणतू बघितला. गावानं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, भाषणं झाली. कोणीतरी म्हणालं, असा माणूस पुन्हा होणे नाही. मी मागच्या रांगेत होते. असा माणूस पुन्हा होऊ नये म्हणून तुम्हीच तजवीज केली आहे, एवढं उठून म्हणावंसं वाटलं. भाऊ व्यासपीठावर शाल सांभाळत बसले होते, म्हणून मी उठले नाही.

भाऊ गेले तेव्हा पुंजाजीकाका आधीच गेलेले होते. त्या शिकलेल्या पाचांतल्या बाकीच्यांनी बुलडाण्याला फोन लावला. तिथं आता दुकानात तयार तिरडी मिळते. गाडी यायला उशीर होत होता. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि गाव त्यांवर बसलं होतं. रामदासची दोन पोरं माझ्या शेजारी उभी होती. मी त्यांना म्हटलं, बेटातले बांबू आणा. त्यांनी विचारलं, आत्या, तुले येते? मी म्हटलं, तुमालेबी येईन, बसा. गाडी आली तेव्हा आम्ही शेवटच्या गाठीवर होतो. ड्रायव्हरनं तिरडी उतरवली नाही. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता तो कागद माझ्यावर कोणाचं बंधन नसताना लिहिते आहे, आणि तो गावासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमच्या गल्लीत, वाडीत, सोसायटीत असा एक माणूस आहे. मरण असो, दवाखाना असो, तुंबलेलं गटार असो, तुम्ही त्यालाच हाक मारता. त्याचं नाव आत्ता तुमच्या मनात आलं आहे. त्याला शाल देऊ नका. त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ खाली बसा आणि तो करतो ते काम तुमच्या हातांनी एकदा करून बघा; चुकेल, पुन्हा करा. त्याच्या घरातलं माणूस जाईल त्या सकाळी बांबू त्याच्या पायाशी ठेवू नका. त्याला बसू द्या. गाठ तुम्ही मारा. या आठवड्यात जा.